ओली नोट

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी आमच्या जुन्या शाखेत गेले. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दर वर्षी एकदा बँकेला पटवून द्यावं लागतं. ज्या काउंटरच्या आत बसून मी वर्षानुवर्षं इतरांचे दाखले घेतले, त्याच काउंटरच्या बाहेर आता स्वतःची हयात सिद्ध करायला उभं राहायचं, यात थोडी गंमत आहे आणि थोडं अवघडलेपणही. काम दोन मिनिटांचं, यंत्रावर बोट टेकवलं की झालं. माझ्यापुढे एकच जण होती. हर्णै बंदरावरची म्हातारी कोळीण, कासोट्याचं लुगडं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक आणि अंगाला सुक्या बोंबलाचा वास. हा वास आमच्या शाखेच्या लाकडी बाकालाही कायमचा लागलेला आहे. काचेपलीकडे नवीन आलेली ऑफिसर मुलगी होती, पाटण्याकडची, जेमतेम पंचविशीची. तिचा डावा हात पासबुक घ्यायला काचेच्या फटीपाशी आलेला, उजवा माऊसवर आणि नजर स्क्रीनवर. माऊस एका लयीत टिकटिक करत होता. मी मान तिरकी करून पाहिलं. निळी पट्टी, टाय लावलेला हसरा माणूस, खाली कोपऱ्यात ‘नेक्स्ट’. ई-लर्निंग! सक्तीचा कोर्स, आणि टिकटिकीचा वेग पाहता आजच शेवटची तारीख असणार. विषय होता ग्राहकसेवा.

मी इथूनच रिटायर झालेली मॅडम हे तिला ठाऊक होतं. मला पाहून तिचा चेहरा खुलला, बुडत्याला फळी दिसावी तसा. स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवून तिने हळूच विचारलं, “मॅडम, बी होगा या सी?” प्रश्न असा होता: ग्राहक काउंटरवर आल्यावर सर्वप्रथम काय कराल? पर्याय ए, कामाचं स्वरूप विचारेन. बी, कागदपत्रं तपासेन. सी, नजरेला नजर देऊन हसून नमस्कार करेन. डी, योग्य त्या काउंटरकडे पाठवेन. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, “सी.” तिने टिचकी मारली, स्क्रीन हिरवी झाली. “थँक्यू मॅडम!” मग मधे उभ्या असलेल्या म्हातारीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि विचारलं, “माझं पैशे आलं काय गो बाय?”

तोवर आम्हा दोघींपैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

घरी येताना रिक्षा केली नाही, चालत आले. वाटेत दोन्ही बाजूंना मासळी वाळत घातलेली, वर कावळ्यांची गस्त, आणि माझ्या डोक्यात ते एक अक्षर. मुलीचा राग आलाच नाही. रिजनल ऑफिसातून ‘तुमच्या शाखेचे तीन जण अजून पेंडिंग’ असा फोन आला की काउंटर कसं चालवावं लागतं, हे मी पुरेपूर भोगलेलं आहे. टोचत होतं ते वेगळंच. पाढा यावा तसं ते उत्तर माझ्या तोंडून आलं होतं. साता साती एकोणपन्नास, तसं ‘सी’. येणारच होतं. मधली तीन वर्षं मी आमच्या बँकेच्या पुण्यातल्या ट्रेनिंग सेंटरवर फॅकल्टी होते. असे प्रश्न मी ढिगाने लिहिले आहेत, नंतर ई-लर्निंग आलं तेव्हा आमच्या जुन्या प्रश्नांच्या फायलीही मागवून घेतल्या गेल्या. तो प्रश्न कुणी दुसऱ्याने लिहिला असेल. मीही लिहिलेला असू शकतो.

मला स्वतःला हे काम असं कुणी शिकवलं नव्हतं. १९८८ मध्ये बँकिंग भरती मंडळाची परीक्षा देऊन मी कॅशियर-क्लार्क म्हणून लागले, तेव्हा ट्रेनिंग म्हणजे एक खुर्ची होती. हेड कॅशियरच्या डाव्या अंगाला लावलेली वेताची खुर्ची, दोन महिने तिच्यावर बसायचं आणि बघायचं. हे गृहस्थ तपकीर ओढणारे, बोलायला कंजूष. काचा तेव्हा नव्हत्या, पितळी दांड्यांचा पिंजरा होता. संध्याकाळी बंदराच्या वाळूवर लिलाव व्हायचा. होड्या दूर पाण्यात उभ्या, मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरायच्या. त्या लिलावाचा पैसा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे यायचा. बाहेरच्या माणसाला तो पैसा कसा असतो हे सांगून कळणार नाही. लुगड्याच्या ओच्यात रात्र काढलेल्या दहाच्या, वीसच्या नोटा, खाऱ्या पाण्याने एकमेकींना डसलेल्या, मधेच एखादं खवलं अभ्रकासारखं चमकणारं. मी पहिल्याच दिवशी त्यातली एक नोट ओढली आणि ती उभी फाटली. हेड कॅशियर माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, “ओली नोट ओढायची नाही, सोलायची. कोलंबी सोलतेस ना, तशी.” मी कोकणस्थांच्या घरातली, कोलंबी सोलणं सोडाच, हातातही धरलेली नव्हती. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. तपकिरीची चिमूट ओढून झाल्यावर म्हणाले, “बरं, फणस फोडतेस ना? गरा कसा सोडवतेस?” ते मला येत होतं. कोपऱ्यापाशी अंगठा आत सरकवायचा, किंचित पिळायचा, हलकीशी फुंकर मारायची, आणि नोट आपली आपण सुटू द्यायची. मग पंख्याखाली पसरून वर पितळी टोकनं ठेवायची, उडू नयेत म्हणून. पुढे ट्रेनिंग सेंटरवर ‘प्रौढ व्यक्ती कशी शिकते’ यावर मी दीड-दीड तास बोलत असे. कोलंबी सोडून फणसावर येण्याइतकं नेमकं उदाहरण मला तिथे कधी देता आलं नाही.

आणखी एक त्यांनी सांगितलं होतं. म्हातारी कोळीण पैसे मोजून घेत असेल तेव्हा तिच्या तोंडाकडे बघू नकोस. तोंडाकडे बघितलंस तर तिला वाटेल तू घाई करतेस, आणि ती मोजणं अर्ध्यावर सोडून पैसे कमरेला लावेल. तिच्या हातांकडे बघ. म्हणजे पर्याय सी चूकच की! निदान आमच्या शाखेत, त्या बाईपुरता.

असं ते शिकवणं होतं, झिरपणाऱ्या पाण्यासारखं, थेंबाथेंबाने. बचत खात्यावर तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळायचं (रोजच्या शिलकेवर मिळायला लागलं ते १ एप्रिल २०१० पासून). अकरा तारखेला पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज बुडालं. हे कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नसे. हेड कॅशियर आठ-नऊ तारखेला बंदरावर चहा प्यायला जात आणि येता-जाता बायकांना सांगत, “दहाच्या आत भर गो.” त्यात बँकेचा तोटा होता, खरं तर. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा आसपासच्या मोहल्ल्यांतल्या बायका शाखेत येऊन बसल्या. ज्यांच्या घरचा माणूस तिकडे, त्यांचा ड्राफ्ट आता येणार का, याचं उत्तर ना सर्क्युलरमध्ये होतं, ना मॅनेजरकडे. हेड कॅशियरने कॅश बंद केली, पिंजऱ्यातून बाहेर आले आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसले. त्यांनाही काही माहीत नव्हतं. बराच वेळ बसले होते एवढं आठवतं. पावसाचं पाणी पत्र्यावर वाजत होतं.

आणि क्लोजिंगच्या रात्री! सहामाही क्लोजिंगला बचत खात्यांची सगळी लेजरं काढून शिलका जुळवायच्या. बेरजा जुळेपर्यंत घरी जायचं नाही. हॉटेलातून बटाटेवडे यायचे, त्या कागदांचे तेलाचे डाग लेजरवर पडू नयेत म्हणून आमचे दप्तरीमामा पहारा देत. फरक नवाने भागला जातो का ते आधी बघायचं, हे मी तिथे शिकले. चोपन्नचा फरक आला की कुणीतरी ब्याऐंशीचे अठ्ठावीस केलेत, आकडे उलटे पडलेत. नवाने नाही गेला तर फरकाचं अर्धं करायचं आणि तेवढीच रक्कम शोधायची, ती नावे (डेबिट) टाकायच्या जागी जमेला गेलेली असते. रात्री दीड वाजता कोणीतरी “सापडलं!” असं ओरडायचं आणि अकरा माणसं खुर्च्या सोडून उभी राहायची. साठ-सत्तर रुपयांच्या फरकासाठी. मनोबल हा शब्द आम्ही तेव्हा ऐकलेला नव्हता.

पण हे लिहिताना माझा हात सैल सुटतोय, तो आवरायला हवा. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. त्याच शाखेत एक मॅनेजर होते, ते चूक झालेलं लेजर टेबलावरून भिरकावत. शाखेत बायकांसाठी संडास नव्हता. मागच्या वाड्यात जायचं, पावसात छत्री घेऊन, आणि परत आल्यावर सगळ्यांना कळलेलं असायचं. शंभर रुपये काढायला आलेला माणूस टोकन हातात धरून तासभर उभा राहायचा आणि आम्ही आत सिनेमाच्या गप्पा मारत असू, हेही मी विसरलेले नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला माझ्याच एका सहकाऱ्याने सहीत फरक आहे म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा त्याने अंगठा उठवला. शिकलेला माणूस होता तो. तेव्हा आम्हाला ग्राहकसेवा शिकवायची गरज नव्हती असं म्हणणं हा खोटेपणा होईल. ती आम्हालाच सगळ्यात जास्त होती.

मग २००० साल संपता संपता स्वेच्छानिवृत्ती आली. देशभरातल्या सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यात आमच्या शाखेतले चार जण होते आणि पहिलं नाव हेड कॅशियरांचं. अकरा खुर्च्यांच्या सात झाल्या. पुढे कोअर बँकिंग आलं, सगळी खाती संगणकाच्या एका जाळ्यात गेली, लेजरं दप्तरखान्यात गेली, वाळवीने आणि खाऱ्या हवेने मिळून त्यांचा फडशा पाडला. शिल्लक आता आपोआप जुळते. याचं वाईट वाटण्यासारखं काही नाही. त्या रात्रींनी माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस खाल्ला आहे. तरी बेरीज चुकणंच बंद झाल्यावर ती शोधायला कुणाच्या शेजारी जाऊन बसायचं कारणही संपलं. सातांच्या पाच खुर्च्या झाल्या, आणि नव्या माणसासाठी लावायची ती वेताची जादा खुर्ची, ती तर हिशेबात कुठेच धरलेली नव्हती. ती जागा भरून काढायची म्हणून ट्रेनिंग आलं. मी तेव्हा त्यात उत्साहाने गेले, हे कबूल करते.

२००९ ते २०१२ मी ट्रेनिंग सेंटरवर होते. स्वच्छ चादरींचं हॉस्टेल, सकाळी उपमा, अकराला बिस्किटं, दुपारी जेवणानंतरच्या सेशनला डुलक्या. शाखेतली माणसं, विशेषतः बायका, तिथे माहेरी यावं तशा यायच्या. सहा दिवस स्वयंपाक नाही, डबे नाहीत, रात्री लक्ष्मी रोडवर खरेदी. मला ते गैर वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एक गोष्ट मात्र फार लवकर लक्षात आली. मॅनेजर ट्रेनिंगला कोणाला सोडतात? जो नसला तरी शाखेचं अडत नाही त्याला. त्यामुळे काही चेहरे वर्षातून तीनदा दिसत. सायबर सुरक्षा असो की कृषी कर्ज, तेच गृहस्थ पहिल्या रांगेत. ज्याच्या खांद्यावर शाखा उभी आहे तो कधी येत नसे. आम्ही नाटुकली बसवायचो: एकजण चिडलेला ग्राहक, दुसरा शांत कॅशियर. चिडलेल्या ग्राहकाची कामं सगळे इतकी झकास करत, की मी एकदा विचारलं, हे कुठे शिकलात? सगळे हसले. शनिवारी फीडबॅकचा फॉर्म असे. त्यावर ‘उत्कृष्ट’ला बरोबरची खूण करून लोक एस. टी. स्टँड गाठत. त्या फॉर्मांच्या जोरावर मला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं.

थकीत कर्जांच्या सेशनमध्ये एकदा आपल्याच किनाऱ्यावरचा एक तरुण ऑफिसर उठला होता. मी फळ्यावर नव्वद दिवसांचा नियम लिहिलेला होता. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक. २००४ पासून बँकांना हेच माप. तो म्हणाला, “मॅडम, पावसाळ्यात मासेमारी बंद. नंतरही नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय आमच्याकडे कोण होडी लोटत नाही. मेअखेरचा हप्ता चुकला, तर ऑगस्टच्या शेवटी नव्वद दिवस भरतात. तो माणूस बुडवा आहे का?” मी म्हटलं, हप्ते दरमहा बांधायचेच नाहीत, हंगामाप्रमाणे बांधायचे, तशी सोय आहे. आंब्याचं कर्ज आपण दरमहा वसूल करतो का? त्याने वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, “हे मला आज कळलं. ते कर्ज माझ्या आधीच्याने दिलंय. त्यालाही नसेल कळलं.” एवढं बोलून तो खाली बसला आणि मी पुढच्या स्लाइडवर गेले. वेळ संपत आली होती, चहा गार होत होता. माझ्या हेड कॅशियरांनी त्या मुलाला होडीच्या मालकाकडे नेऊन बसवलं असतं, असं आत्ता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

मी परत शाखेत आले, आणि शिकवण्यातलं काय टिकतं ते मला ३ जून २०२० ला कळलं, निसर्ग वादळाच्या दिवशी. दापोली तालुक्यात कुठलं घर शाबूत राहिलं होतं? आमच्या शाखेवरची नेटवर्कची डिश उडून शेजारच्या पोफळीच्या बागेत पडली, आणि बाग तरी कुठे उरली होती. पोफळी मधूनच मोडून काड्यांसारख्या पडलेल्या. वीज नाही, नेटवर्क नाही, रस्त्यावर झाडं, वरून कोरोनाचं सावट. लोकांना पत्रे घ्यायला, मेणबत्त्या घ्यायला पैसे हवे होते. पाण्याच्या टाकीवर चढून मॅनेजरसाहेबांनी कशीबशी रेंज पकडली आणि पासबुकावर थोडी थोडी रक्कम हाताने द्यायची परवानगी मिळवली. आता व्हाउचर हाताने लिहायचं! आमची दोन नवी मुलं, संगणकाशिवाय बँक कशी असते हे त्यांना माहीतच नव्हतं. नावे कुठे आणि जमा कुठे, इथून सुरुवात. शिकवलं कोणी? दप्तरीमामांनी. चौथ्या श्रेणीतला माणूस, उभ्या नोकरीत एका ट्रेनिंगला पाठवलेला नाही. त्यांनी दाभण आणि सुतळी काढली, व्हाउचर टोचून गठ्ठे बांधायला लावले, आणि मग दारात उभे राहून, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क असताना, निव्वळ डोळ्यांवरून आणि चालीवरून सांगत राहिले, “हा अमक्याचा धाकटा. द्या. ही वरच्या वाडीतली, पासबुक हिच्या सासूचं आहे, सासूला आणायला सांगा.” रात्री बॅटरीच्या उजेडात बेरीज केली तर सत्तावीसचा फरक. मी त्या मुलांना नवाची गोष्ट सांगितली. एकाने एक्केचाळीसचे चौदा केले होते. सापडल्यावर ती दोघं इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. आम्ही सगळ्यांनी पातेल्यातली खिचडी खाल्ली. मामांच्या स्वतःच्या घरावरचे सगळे पत्रे उडालेले होते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही त्यांच्या शेजाऱ्याकडून.

नोटाबंदीच्या दिवसांतही हेच पाहिलं होतं. कामाने माणसं तेव्हा अर्धमेली झाली होती, पण कुढत नव्हती. दार बंद करून एकत्र जेवत होती. कुढणं सुरू होतं ते साध्या, वाऱ्या-वादळाच्या नसलेल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला व्हिडिओ कॉन्फरन्सवर कोणीतरी विचारतं की काल ४३६ रुपयांचे सरकारी जीवनविमे किती झाले, २० रुपयांचे अपघातविमे किती, आणि आकडा शून्य असेल तर तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावतं, तेव्हा. ती योजना वाईट आहे का? मुळीच नाही. बंदरावर बोटीवरून पडून माणूस गेला, तर वीस रुपयांत दोन लाख मिळतात, हे मी घरोघरी जाऊन सांगितलंय आणि दोन विधवांच्या हातात ते पैसे पडताना पाहिलेत. पण तो आकडा वाचताना त्यात त्या विधवा नसतात. वादळानंतर महिन्याभराने, वीज आल्यावर, रिजनल ऑफिसची मेल आली. आपत्तीकाळातल्या उल्लेखनीय सेवेबद्दल शाखेचं अभिनंदन. त्याच मेलला खाली एक यादी जोडलेली होती, ई-लर्निंग अपूर्ण असलेल्या कर्मचाऱ्यांची. आम्ही सगळे तिच्यात होतो. मामा सोडून, कारण त्यांना कोर्सच लागू नव्हता.

ती पाटण्याची मुलगी मला नंतर एकदा भेटली. मी संध्याकाळी देवळातून येत होते, साडेसात झाले असतील, शाखेचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि ती पायरीवर बसून फोनवर आईशी बोलत होती. मला पाहून उठली. बोलता बोलता म्हणाली, घरी सगळ्यांना वाटतं बँकेत आहे म्हणजे चारला सुट्टी. हसलो दोघी. क्लार्कला आपल्या राज्याची भाषा यावी लागते, ऑफिसरला सहसा तशी अट नसते, त्यामुळे तिला मराठी येत नाही याचा दोष मी तिला कसा देऊ? ती यूट्यूबवर शिकत होती, ‘तुमचं नाव काय’पर्यंत पोचली होती, आणि इथल्या म्हाताऱ्या ज्या भाषेत बोलतात ती यूट्यूबवर नाही, अशी तिची तक्रार होती. ती अगदी रास्त होती. त्या कोर्सचे मार्क तिच्या रिपोर्टमध्ये धरले जाणार होते. ते तिने ओशाळून सांगितलं, म्हणजे तो दिवस तिलाही आठवत होता. मी विचारलं, इथे आल्यावर काम कोणी दाखवलं? थोडा वेळ ती समुद्राकडे बघत राहिली. म्हणाली, आठवडाभर इंडक्शन झालं शहरात, फार छान होतं, गटागटात खेळ वगैरे. मग इथे आली आणि दुसऱ्या दिवसापासून काउंटर. “मॅडम, वॉशरूम की चाबी कहाँ टंगती है, ये भी मुझे दस दिन बाद पता चला। किससे पूछती, सब बिज़ी थे।”

ती किल्ली मी असताना दप्तरखान्याच्या दाराआड खिळ्याला असायची. संडास व्हावा म्हणून मी आणि आणखी एकीने दोन वर्षं अर्ज केले होते. अजून त्याच खिळ्याला असते, असं ती म्हणाली.

जानेवारीत पासबुक छापायला गेले. छापायचं यंत्र बंद. कॅशियर रजेवर, म्हणून कॅशला तीच मुलगी बसलेली, आणि समोर, योगायोग म्हणा किंवा बंदरावर माणसं किती ती म्हणा, तीच म्हातारी. या वेळी पैसे भरायला आली होती. शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा, ओल्या, वाकड्या, तोच वास. मुलीने गठ्ठा मोजायच्या यंत्रात घातला. यंत्र दोनदा घुरघुरलं, लाल दिवा लागला. परत घातला, परत तेच. मग तिने हाताने मोजायला घेतलं आणि नोट ओढली. कोपरा टर्रकन गेला. मी पुढे सरकले. माझ्या जिभेवर होतं सगळं, फणस, गरा, फुंकर; पण मी काचेबाहेर होते, आणि पाटण्याच्या मुलीला फणसाचं उदाहरण कसं द्यायचं हेही सुचेना.

“थांब गो,” म्हातारी म्हणाली. तिने फटीतून हात आत घालून गठ्ठा स्वतःकडे ओढला. अंगठा कोपऱ्याखाली सरकवला, किंचित पिळला, हलकीशी फुंकर मारली. नोट सुटली. हुबेहूब तोच पिळा, मनगटाचं तेच वळण. पस्तीस वर्षं मी समजत होते की ते आमच्या हेड कॅशियरांचं होतं. तिने दोन नोटा सोडवल्या आणि गठ्ठा परत आत ढकलला. मुलीने करून पाहिलं. पहिली अर्धवट सुटली, दुसरी नीट. म्हातारी तिच्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही. मग मुलगी मोजायला लागली, मोठ्याने, हिंदीत, आणि म्हातारी काचेबाहेरून तिच्याबरोबर मराठीत. अठारह, अठरा. उन्नीस, एकोणीस. बीस, वीस. माझ्या मागे रांग वाढत चालली होती. मी बाजूला होऊन बाकावर बसले.